चाळीस दिवसांचा मुलगा

नाव तुर्सुनाय असानोवा, वय ३४, काम शाळेच्या स्वयंपाकघरात रोट्या भाजण्याचं. राहणार कोक-आर्चा, गिरणीच्या वरच्या अंगाला. नवरा परदेशात बांधकामावर आहे. घरात सासूबाई बुबूसारा, माझा लहान मुलगा आणि मी. नणंद आकमाराल, वय २०, कुस्ती खेळते, राजधानीत खेळाडूंच्या वसतिगृहात असते.

मी आज दुपारी आपणहून चौकीत आले. हवालदार तालायबेक विचारतील तसं सांगते, ते असं:

माझी नणंद आकमाराल आज सकाळपासून बेपत्ता आहे. तिला शोधा, एवढ्यासाठीच मी आले आहे. बाकीचं तुम्ही विचारता म्हणून सांगते.

मागच्या महिन्यात स्पर्धा जिंकल्यावर तिचं रक्त काढून नेलं. कशासाठी ते तिला सांगितलं नाही. ताकदीची तपासणी असेल असं तिला वाटलं. मग संघातून नाव काढलं आणि अहवाल येईपर्यंत थांब म्हणाले. अहवाल अजून आलेला नाही. पण बातमी आली. तिच्या जबड्याचा, खांद्यांचा फोटो मोठा करून लाल गोल काढले आणि खाली विचारलं, ही मुलगी आहे का? तिने मला फोन केला. म्हणाली, "वहिनी, मी दुसरंच काहीतरी निघाले तर?" मी म्हणाले, "तू जी आहेस तीच निघशील. जेवलीस का?"

गेल्या आठवड्यात जिबेक नावाची बाई कॅमेरावाल्याला घेऊन घरी आली. फोनवर तिचा बातम्यांचा चॅनल आहे. येताना केक आणला होता. सासूबाईंना काकू काकू करत होती. मला म्हणाली, "तुम्ही हमामात बरोबर जात असाल ना? मग तुम्हाला ठाऊकच असेल." मी म्हणाले, "तुमच्याकडे हमामात एकमेकींचं हेच बघतात वाटतं?" ती हसली. मला तेव्हाच भीती वाटली. पण सासूबाईंनी चहा ओतला होता, आणि चहा ओतल्यावर माणसाला ऊठ कसं म्हणायचं?

मग सासूबाईंनी जुना पाळणा काढला. पाळण्यात बाळाची शू वाहून जायला लाकडी नळी बांधतात, मुलाची वेगळी आणि मुलीची वेगळी. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही तशीच नळी लावून वाढलात. सासूबाईंच्या आधीच्या दोन मुली चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत गेल्या. बाळं नेणारी अल्बार्स्ती मुलींच्या वासावर येते, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून आकमाराल झाली तेव्हा त्यांनी पाळण्याच्या दांडीला मुलाची नळी टांगली. मुलीची नळी आत, दुलईखाली बांधली. गावाला मुलगा झाला असं सांगितलं. रोज दिवेलागणीला उंबऱ्यात उभ्या राहून बाहेर बघून म्हणायच्या, "इथे मुलगी नाही. मुलगा झालाय मला. पुढच्या घरी जा." चाळीस दिवस झाल्यावर पाळण्यापाशी बोरसोक, म्हणजे पिठाचे छोटे गोळे, तळले, बायकांना बोलावलं आणि दुपटं सोडून दाखवलं. त्या बायकांपैकी तुमच्या आईही होत्या, तालायबेकभाऊ. त्यांना विचारा.

हे सगळं सासूबाईंनी कॅमेऱ्यासमोर अगदी हौसेने सांगितलं. दोन्ही नळ्या दाखवल्या. त्यांना वाटलं, आता लोकांची खात्री पटेल. जिबेकने दाखवलं एवढंच की म्हातारीच्या हातात मुलाची नळी आहे आणि ती म्हणते आहे, "चाळीस दिवस मी सगळ्यांना मुलगाच सांगितलं." दुलई गेली, बोरसोक गेले, बायका गेल्या. त्यानंतर मी जिबेकला फोन केला, तिने उचलला नाही.

काल संध्याकाळी आकमाराल घरी आली. डोक्यावर टोपी ओढलेली होती. तिने तेवढंच पाहिलं होतं, सगळ्यांनी पाहिलं ते. उंबऱ्यातलं बोलणं तिला ठाऊक नव्हतं. जेवताना कोणी विषय काढला नाही. पोर थकली आहे, सकाळी निवांत सांगू, असं आमचं ठरलं.

सकाळी दूध काढून मी आत येते तो फाटकाशी गाड्या थांबल्या. आठ-दहा बाप्ये होते, दोघे गावचेच. नावं वेगळी सांगेन, ती मोठ्याने वाचू नका. सगळ्यांच्या हातात फोन. एकाने बरोबर नर्स आणली आहे म्हणून सांगितलं. ओरडत होते, "बाहेर काढा, आम्ही सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावतो!" एक फाटक हलवत होता. माझा मुलगा पलंगाखाली गेला. मी आतल्या खोलीत आकमारालचा हात धरून उभी होते. कुस्तीत मोठमोठ्या बायकांना उचलून टाकणारी पोर, पण ती माझ्या पाठीमागे सरकली.

सासूबाई काठी घेऊन फाटकाशी गेल्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मला वाटलं, शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "इथे मुलगी नाही. मुलगा झालाय मला. मुलगाच आहे. जा, पुढच्या घरी जा."

बाहेर एकच आरडाओरडा झाला. "आई स्वतः बोलली! फोनमध्ये आलं का, आलं का?" शिट्ट्या मारत एकमेकांना फोन दाखवत होते. आकमारालने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आईसुद्धा, वहिनी?" आणि हात सोडवून घेतला. मी "ऐक, अगं ऐक" म्हणेपर्यंत ती गोठ्याच्या दाराने मागे गेली. अंगावर पातळ स्वेटर, पायात माझ्या घरातल्या चपला. फोन उशीवर राहिला आहे. मी शेताच्या बांधापर्यंत धावले. पुढे दिसली नाही.

त्या गाड्या अजून गावात फिरत आहेत. त्यांच्या आधी ती तुम्हाला सापडली पाहिजे. वरच्या कुरणातल्या झोपड्या बघा. नदीकाठही बघा.

बेपत्ता व्यक्तीचं वर्णन लिहिताना हवालदार पुरुष की स्त्री इथे थांबले. म्हणाले, "वहिनी, अहवाल आला नाही अजून. मोकळं ठेवू का?" मी म्हणाले, "मोकळं ठेवून शोधणार कोणाला?" मग त्यांनी स्त्री लिहिलं. हा प्रश्नही जबाबात घ्या असं मी सांगितल्यावरून घेतला आहे.

सासूबाई सकाळपासून उंबऱ्यात बसून आहेत. कोणी रस्त्याने गेलं की तेच म्हणतात. आकमाराल ज्याला सापडेल त्याने बाकी काही विचारायच्या आधी तिला एवढं सांगावं, की आई तुला नाकारत नव्हती, लपवत होती.

हा जबाब मला वाचून दाखवला. खिडकीबाहेर दोघे फोन धरून उभे होते, म्हणून मी हळू वाचायला सांगितलं आणि तो हळूच वाचला. मी सांगितलं तसंच त्यात आहे. खाली सही माझी आहे. घाईत केल्यामुळे ती बिघडली आहे, पण माझीच आहे.