भैरोबाचा लहान होत गेलेला शंख

ऐका मंडळी, नुसतं ऐका — खोकायचं ते आत्ताच खोकून घ्या, मध्ये नको! सवाल साधा आहे. देवाची पालखी अडली, तर दोष कुणाचा?

पिंपळकोंड गाव. गावात भैरोबा. रीत अशी, की गुरवानं एका दमात शंख फुंकायचा, आवाज शिवेपर्यंत गेला पाहिजे, तेव्हाच पालखी उठायची. सोपान गुरव फुंकायचा, तर शिवेवरची गुरं माना वर करायची!

मग टेकडीवर आलं बाजीशेठचं क्रशर. डोंगर फुटून खडी होऊ लागली. तुळस पांढरी, भाकरी पांढरी, म्हातारे आधीच पांढरे — आता तरणेही पांढरे! पण शेठनं देवळाला फरशी दिलेली. मग धुळीला धूळ म्हणणार कोण? लोक म्हणायचे, वरून अंगारा पडतोय.

यात्रा आली. सोपाननं शंख लावला, पों... आणि खोकलाच. पालखी जागेवर! पंच म्हणाले, गुरव बिडी ओढतो. त्यानं जन्मात बिडी शिवली नव्हती. मग म्हणाले, शंखच फुटका. लहान आणला. पुढच्या यात्रेला त्याहून लहान. अहो, लहान करत करत शिट्टीवर आले!

शेवटी पंच म्हणाले, गुरवच बदलू. तेव्हा सोपानची बायको चंद्रभागा उठली. म्हणाली, पंचांनी तो पहिला मोठा शंख फुंकून दाखवावा; एकाला जमलं तरी आम्ही मान सोडतो. सरपंच फुंकून फुंकून निळे पडले. पाटील खाली बसले. बाजीशेठ उठले, जोर लावला — आणि असे खोकले, की फेटा गुरवाच्या पायाशी! सगळ्यांनी टेकडीकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं. पण मंडळी, कळलं म्हणून कुठं काही होतं का?

शेठनं भोंगा मागवला. आत परगावच्या गुरवाच्या शंखाचा आवाज भरलेला.

"सोपानराव, मान तुमचाच. नारळ तुमचा, शेला तुमचा. फक्त बटण दाबा."

खांदेकरी पालखीखाली उभे. दाबलं तर पालखी उठते, घर चालतं — आणि क्रशरही चालतं. नाही दाबलं तर मान गेला, वर्षाचं धान्य गेलं, वर देव अडवला म्हणून शिव्या.

सोपानचं बोट बटणावर. चंद्रभागा हळूच म्हणाली, "दाबा. पण उद्या नातवाला धाप लागली, तर त्याच्यासाठी कुठलं बटण आहे, तेवढं शेठला विचारून दाबा."

हसताय काय? तुमच्या गल्लीत कचरा पेटतो, तेव्हा तुम्ही खिडकी लावून घेता, आणि पोराला खोकल्याचं औषध पाजता! मग सांगा — अख्खं गाव बघतंय, पालखी खोळंबलीय, आणि बोट तुमचं आहे. काय केलं असतं तुम्ही?