वजनकाट्याचा पासवर्ड

आमच्या काल्हेरच्या गोदामात वजनकाटा लॉगिन करतो, हे सांगितलंय का मी तुम्हाला? हसू नका. हेड ऑफिसचा एक दीडशहाणा इंजिनीअर आला होता. कीबोर्ड, स्कॅनर, काटा, सगळ्यांना म्हणे एकच प्रोटोकॉल. कॉम्प्युटरशी बोलायच्या आधी प्रत्येकाने पासवर्ड द्यायचा.

मी विचारलं, "साहेब, काटा पासवर्ड कसा टाइप करणार?"

"नियम सगळ्यांना सारखा," म्हणाला, आणि आमच्या बबन मुकादमाला काट्यावर उभं केलं. आकडा आला अठ्ठ्याहत्तर. तोच पासवर्ड ठेवला आणि फुकटचा चहा ढोसून गेला.

तेव्हापासून रोज सकाळी बबन काट्यावर चढणार, मग आमचं काम सुरू होणार. परवा चढला, तर स्क्रीनवर 'पासवर्ड चुकीचा'. बाहेर ट्रकांची ही रांग!

बबन मान खाली घालून म्हणाला, "काल खारबावला हळद व्हती. मटण जरा जास्तच झालं."

इंजिनीअरला फोन लावला. तो आरामात म्हणतो, "मग पासवर्ड रीसेट करा ना."

म्हटलं, "त्यासाठीच बबनला संडासात पाठवलंय."