माखन्लेथच्या अलीकडे

खरं सांगते बाळा, यातलं एक अक्षर खोटं नाही — म्हणजे एखादं असेलही, वय झालंय — पण कार्बोरेटर खरा आहे, तुझ्या हातातच आहे. ही पत्र्याची पट्टी आहे ना, तिच्यावरचा नंबर वाच की. वाचलास? उघड्या टपाच्या मॉरिसचाच ना? मग! आता तू विचारणार, आजी, घरी तीच गाडी उभी आहे म्हणता, तर हा तिलाच का बसवत नाही — विचार, सकाळपासून या टेबलाशी येणारे सगळे विचारतायत, मी सांगते गुडघे दुखतात. गुडघ्यांचा काय संबंध? काहीच नाही. पण माणसं मान डोलावून जातात.

गाडी आमच्या इदवालची. माझा नवरा. लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं, मला एकदा उघड्या गाडीतून बोर्थला ने, समुद्रावर, केस उडवत — तेव्हा केस होते. त्यानं ते मनावर घेतलं, आणि पंचवीसेक वर्षांनी कुणाच्या तरी शेतातून एक सांगाडा ओढून आणला, त्यात काटेरी झुडूप उगवलेलं. मग काय, सुट्टी आली की असले जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे बाजार! तुला माहितीच आहे, त्या वेळी कंपनीनं एकच सामान या गाडीच्या सगळ्या भावंडांना वाटलेलं — सलूनची दारं हिला बसतात, व्हॅनचे ब्रेक हिला बसतात. आमच्या हिची दारं एका पाद्र्याच्या गाडीची, ब्रेक टपालाच्या व्हॅनचे, आणि माझी सीट — सांगू का — मयताच्या गाडीची. मी म्हटलं, इदवाल, हे काय? तर म्हणतो, मऊ आहे, आणि त्या गाडीत मागे बसणाऱ्यानं कधी तक्रार केली नाही.

असं सगळं चालायचं त्याला. आणि शेवटी एक कार्बोरेटर राहिला, तर म्हणे, नाही, व्हॅनचा नको! शेजारच्या ह्यूच्या कोंबड्या ज्या व्हॅनमध्ये राहतात ना, तिचा जसाच्या तसा बसला असता, दोन नट फिरवायचे, ह्यू फुकट देत होता — तरी नाही. पट्टीवर आपल्याच गाडीचा नंबर पाहिजे. ब्रेक टपालखात्याचे चालतात आणि कार्बोरेटरला सोवळं? मी काही बोलले नाही. का बोलले नाही? कारण मला खाटकाकडे कळलं होतं. डॉक्टरकडची नर्स रांगेत पुढे, म्हणाली, इदवालना आता गाडी चालवू देऊ नका हं, डोळे फारच गेलेत. तिला वाटलं, मला माहीत आहे. मी म्हटलं, हो ना. चॉप्स घेतल्या, घरी आले. तसं घरातही दिसायचंच — खुंटीवरच्या माझ्या कोटाला तो एकदा 'या, बसा' म्हणाला. मी आतून 'बसते' म्हटलं. कोटाची लाज राखायला नको?

मग आम्ही गॅरेजमध्ये उभ्या गाडीतच फिरायला लागलो. हसू नकोस. रविवारी दुपारी डबा घ्यायचा, थर्मास घ्यायचा, मी डोक्याला रुमाल बांधायचा, इदवाल स्टिअरिंगवर, आणि त्याच्या हाताशी टेबलफॅन. बोर्थच्या वाटेवर वेल्शपूलला पंखा एकवर, गर्दी असते, पुढे दोन, मालूइड सोडलं की मोकळा रस्ता, मग तीन. माखन्लेथ आलं की परत एकवर, गावातून भरधाव जायचं नाही. तिथून माघारी. बोर्थला कधी नाही गेलो. तो म्हणायचा, समुद्र खराच बघायचा, कार्बोरेटर मिळू दे.

आणि शोधायचो की! शोधायचो म्हणजे — तो उचलायचा, पट्टीवरून अंगठा फिरवायचा, म्हणायचा, वाच गं. मी वाचायचे. आपला नाही. दुसरा. आपला नाही. मग चहा. — आणि एकदा, तो कोपऱ्यात लाल तंबू दिसतोय ना, तिथं त्यानं एक उचलला, म्हणाला वाच, आणि तो आपला होता. हाच. मी काय केलं? शेवटचा आकडा चुकीचा वाचला. का म्हणजे? अरे, बसवल्यावर काय? बसवल्यावर चावी फिरवायची, आणि मग त्याला डोळ्यांचं मला सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, आपला नाही. अंगठा अजून त्या शेवटच्या आकड्यावरच होता. ठसठशीत ठोकलेले असतात रे आकडे. डोळे मीट आणि फिरव तुझा अंगठा. फिरव ना. कळतो? — कळतोच.

हे मी कुणाला सांगणार नव्हते.

गेल्या मे महिन्यात निघालो, ऊन छान होतं. मालूइड सोडलं, पंखा तीनवर. मी माझ्या बहिणीबद्दल बोलत होते — माझं बोलणं संपत नाही, बघतोयसच. माखन्लेथ यायला हवं होतं. पंखा तीनवरच. मी म्हटलं, इदवाल, गाव आलं, हळू घे. तीनवरच. मी म्हटलं, अरे, पुढे शाळा आहे, पोरं असतात, ऐकतोयस ना — आणि रुमाल फडफडतोय, आणि तीनवरच.

मग मी हात लांब करून पंखा बंद केला.

हा कार्बोरेटर नंतर त्याच्या सीटखाली निघाला, पायमोज्यात गुंडाळलेला. म्हणजे त्या दिवशी बाजारात मी चहाच्या रांगेत होते तेव्हा त्यानं परत जाऊन घेतला. कशाला घेतला? मला काय माहीत. दुसऱ्या कुणी आणून हातावर ठेवू नये म्हणून असेल.

आता भाचा मागे लागलाय — मावशी, एका दुपारचं काम, बसवतो, या रविवारी तुला बोर्थला नेतो. गुणी आहे पोरगा. गाडीही उत्तम चालवतो, तीच तर पंचाईत. मला पोचायचं नाहीये, बाळा. त्याला रस्त्यात सोडून मी पुढे जाऊन काय बघू? —

अरे, खाली काय ठेवतोस? उचल. मघापासून घासाघीस करत होतास, वीसला द्या, वीसला द्या, आता घ्यायला जड झालं? नाक पूस आणि उचल. भाचा चहा आणायला गेलाय, तो यायच्या आत हा माझ्या टेबलावर दिसता कामा नये. तुझ्या गाडीला बसव, कुणाला कुठं न्यायचं त्याला ने, मला सांगायला येऊ नकोस. तीस. नाही, पंचवीस नाही, तीस. कार्डबिर्ड नको, नोटा. काढ पैसे.