उभ्या ड्रममधले पाणी

जबाब देणारीचे नाव व पत्ता पहिल्या पानावर घेतला आहे. वय एक्केचाळीस. मयताशी नाते: पत्नी. धंदा: हवालदारांनी आधी ‘घरकाम’ लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आमचा एक मालट्रक, एक ट्रॅक्टर आणि शेती आहे. पती गाडी घेऊन बाहेर असत तेव्हा डिझेल, भाडी आणि दुरुस्ती मीच बघत असे. आता तर मीच बघणार.

समक्ष हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही, मी आपणहून आले आहे. माझ्या पतींच्या अपघाताबाबत माझ्या धाकट्या दिरांनी डिझेल पुरवणाऱ्या माणसाविरुद्ध फिर्याद दिली आहे. त्याला सगळे टाकीवाला म्हणतात, कारण छोट्या गाडीवर टाकी बसवून तो शेतावर डिझेल पोचवतो. त्याने डिझेलमध्ये पाणी मिसळून विकले, त्यामुळे ट्रक चढावर बंद पडला आणि माझे पती गेले, असे फिर्यादीत म्हटले आहे. तो परवापासून कोठडीत आहे. त्याने पाणी मिसळलेले नाही. एवढेच सांगायला मी आले होते. पण एवढ्याने भागणार नाही, पाणी आले कुठून तेही सांगा, असे साहेब म्हणाले, म्हणून पुढचे सांगते.

टाकीवाला आमच्याकडे कसा आला ते असे. त्याच्याआधी डिझेल स्वस्तात देणारे दोघे येऊन गेले. एकाच्या डिझेलला रॉकेलचा वास होता. दुसरा आधी भरून घ्या, मग काय ते बघा म्हणाला. माझे पती डिझेलच्या बाबतीत फार काटेकोर होते. घरात कपड्याला डाग पडला तर त्यांना पत्ता नसे, पण डिझेल घेताना आधी काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरून बघत. टाकीवाल्याने स्वतःहून बाटली मागितली आणि आधी ती भरून दिली. तेव्हापासून तोच ठरला. दीर त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहत. हा शब्द आत्ता तोंडात आला, दुसरा सुचत नाही, असाच लिहावा.

डिझेल आमच्याकडे ड्रममध्ये ठेवले जाते. ड्रम शेडमध्ये दोन लाकडी ओंडक्यांवर आडवे असतात आणि पुढे नळ असतो. उघड्यावर ड्रम उभा ठेवायचा नाही, असा माझ्या पतींचा नियम होता. उभ्या ड्रमच्या डोक्यावर कड असते, तिथे पावसाचे पाणी साचते. ड्रम दिवसा तापतो आणि रात्री गार होतो. गार होताना तो बुचाच्या फटीतून हवा आत ओढतो, आणि वर पाणी असले तर पाणीही ओढतो. पती म्हणत, ड्रम रात्री घोरतो. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे ऐकवलेले आहे. दिरांनाही, पण त्यांनी ते कधी मनावर घेतले नाही.

घरी आमच्याबरोबर माझे सासरे राहतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ट्रॅक्टर तेच चालवतात आणि त्यात डिझेलही तेच भरतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. गेल्या थंडीपासून त्यांचे गुडघे धरले आहेत. आडव्या ड्रमचा नळ जमिनीपासून वीतभरच वर येतो, त्याखाली डबा धरायचा तर खाली बसावे लागते. आबा बसत. उठताना ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उठत, आणि कोणी बघत नाही ना, हे आधी इकडेतिकडे बघून घेत. माझे पती खिडकीतून बघत असत.

एक दिवस पतींनी हातपंप आणला. तो ड्रमच्या वरच्या बुचात बसतो आणि उभ्याने मारता येतो, पण त्यासाठी ड्रम उभा लागतो. शेडचा पत्रा बुटका आहे, तिथे पंपाचा दांडा फिरत नाही. म्हणून त्यांनी एक ड्रम बाहेर भिंतीलगत उभा केला, वर पत्र्याचा तुकडा टाकला आणि त्यावर दगड ठेवला. आबांना सांगितले की नळ गळतोय. नळ गळत नव्हता.

आबा म्हणाले, “आम्हाला जन्मभर शिकवलंस आणि आता तूच उभा करतोस?”

पती म्हणाले, “थोडे दिवस चालवून घ्या आबा. नवीन नळ मिळाला की परत आडवा करू.”

आबा बरे म्हणाले. पंप त्यांना आवडला होता. दुसरा ड्रम शेडमध्ये आडवाच राहिला. दोन्ही ड्रम टाकीवाल्याने एकाच फेरीत, एकाच टाकीतून भरले होते. मी तिथे उभी होते.

त्यानंतर पाऊस लागून राहिला. शेतात चिखल होता म्हणून ट्रॅक्टर जागचा हलला नाही, त्यामुळे बाहेरच्या ड्रममधून कोणी डिझेल काढले नाही. पत्र्याचा तुकडा वाऱ्याने उडाला. तो नंतर कुंपणात सापडला.

अपघाताच्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये खताची पोती भरून झाली होती. ट्रकला डिझेल नेहमी शेडमधल्या ड्रममधून पती भरत. त्या दिवशी ट्रक भिंतीजवळ उभा होता. आबा म्हणाले, “तू आवर तुझं, मी भरतो. हा पंप काय नुसता बघायला आणलाय का?” त्यांनी उभ्याने पंप मारून गाडीत डिझेल भरले. भरताना ते गुणगुणत होते. पंपाची नळी ड्रमच्या तळापर्यंत जाते, आणि पाणी जड म्हणून तळाला बसते. पती बाहेर आले तेव्हा भरून झाले होते. ते आबांना म्हणाले, “वा, तरुण झालात की.” त्यानंतर ते निघाले.

गाडीच्या टाकीत आधीचे थोडे डिझेल होते म्हणून ती चढापर्यंत गेली. दुपारी मला पतींचा फोन आला. आमचे बोलणे झाले ते असे:

“गाडी चढावर बंद पडलीये. फिल्टरच्या वाटीत पाणीच पाणी आहे.”

“कसलं पाणी? टाकीवाल्यानं घोळ घातला की काय?”

“नाही गं. त्याचं डिझेल मी स्वतः बघितलंय. बाहेरच्या ड्रमचं आहे, पावसाचं. मीच शहाणा, उभा करून ठेवला. काढतो पाणी, निघतो अर्ध्या तासात.”

“बरं. सांभाळून करा.”

“आणि ऐक, आबांना सांगू नकोस. एवढ्या हौसेनं भरलंय त्यांनी. मी आलो की ड्रम आडवा करतो, त्यांना काही तरी सांगू.”

“नाही सांगत.”

“थांब जरा, गाडी सरकल्यासारखी वाटतेय. एका चाकाला दगड लावलाय, दुसऱ्याला लावून येतो.”

फोन चालू होता. मी कानाला लावून उभी होते. पावसाचा आवाज येत होता, मग दुसरा आवाज आला, आणि परत पावसाचा येऊ लागला. मला वाटले, दगड शोधत असतील. थोड्या वेळाने मी फोन ठेवला आणि वाळत टाकलेले कपडे आत घेतले. हँडब्रेक ओढलेला होता, असे पंचनाम्यात आहे. गाडी भरलेली होती आणि रस्ता ओला होता, तरी ती मागे घसरली आणि ते चाकाखाली सापडले. मला तेव्हा रडू आले नाही. अजूनही येत नाही. माझी तब्येत विचारली म्हणून हे सांगितले.

टाकीवाल्याला आमच्या दारातूनच नेले. तो सांत्वनाला आला होता. गाडीत बसवताना तो मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना.” मी काही बोलले नाही. आबा माझ्या शेजारी उभे होते. त्या दिवसापासून मला झोप नाही. दिवसभर त्याचेच वाक्य ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ड्रममधून एकेक बाटली भरली. आडव्या ड्रमची बाटली स्वच्छ आहे. उभ्या ड्रमच्या बाटलीत तळाला चार बोटे पाणी आहे. दोन्ही बाटल्या मी हजर केल्या आहेत. ड्रम जागेवर आहेत, येऊन बघावेत.

तुम्ही हे आधीच का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. माझ्या पतींनी मला शेवटचे सांगितलेले काम आबांना न सांगण्याचे होते. ते मी आज मोडते आहे. टाकीवाल्याच्या घरीही माणसे आहेत आणि ती दाराकडे बघत बसली असतील. दिरांचा राग मला समजतो. भाऊ गेला तर कोणाचा तरी हात त्यात असावा असे वाटते. यात कोणाचाही हात नाही. मुलाने बापाच्या गुडघ्यांचा विचार केला, एवढेच झाले आहे.

आणखी विचारल्यावरून सांगते की, हातपंप आता ड्रमला नाही. आबांनी तो काढून शेडमध्ये खिळ्याला अडकवला आहे. काल ट्रॅक्टरला डिझेल भरताना ते आडव्या ड्रमसमोर खाली जमिनीवर बसले होते. डबा भरून बराच वेळ झाला तरी ते उठले नाहीत. त्यांना कोणी काही सांगितलेले नाही. त्यांनीही मला काही विचारलेले नाही.

या जबाबाची माहिती दिरांना द्यावी लागेल आणि ती आबांपर्यंत जाईल, हे मला कळते. त्याआधी आज घरी गेल्यावर मीच त्यांना सांगणार आहे. कसे सांगायचे ते मला माहीत नाही. तोवर दिरांना कळवू नये, एवढी विनंती आहे.

लिहून झाल्यावर हवालदार जबाब मोठ्याने वाचू लागले, तशी पद्धत आहे म्हणाले. मी त्यांना तिसऱ्या ओळीवर थांबवले. मला सोबत म्हणून आबा आले आहेत. ते पलीकडच्या खोलीत बसले आहेत, आणि मधले दार पुरते लागत नाही. सांगतानाही मी हळू सांगितले, म्हणून हवालदारांना पुन्हा पुन्हा विचारावे लागले, त्याबद्दल माफी असावी. मला वाचता येते. सबंध जबाब मी ओठ न हलवता वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.