पंधरा सोलचा नंबर

— फोनचे सत्तर सोल, बाई, दर महिन्याला, आणि करार अठरा महिन्यांचा — हलू नका, टाचणी टोचेल — बोला, नाहीतर गप्प बसा, सत्तर भरायचेच. आणि करार कुणाच्या नावावर? माझ्या एद्गारच्या. लिमात बसून पोरगा बिल वाचणार आणि विचारणार, आई, मंगळवारी वीस मिनिटं कुणाशी बोललीस? गिऱ्हाइकाशी रे बाबा, आणखी कुणाशी? करार संपला त्याच दिवशी मी बाजाराच्या दारात छत्रीखाली बसते त्या बाईकडून फोनची नवी चिप घेतली. पंधरा सोल भरायचे, महिनाभर हवं तितकं बोलायचं, नको झालं की भरायचं नाही — सही नाही की जामीन नाही. तुम्हीही घ्या, मास्तरांच्या पगारात कशाला ते करार — जरा वळा.

फक्त नंबर निघाला कुणाचातरी जुना. कुई पाळणारा एक होता, खायला गिनीपिग विकायचा, त्यानं पैसे भरायचे सोडले, कंपनीनं नंबर मला दिला. दुसऱ्याच दिवशी फोन — शनिवारी चाळीस कुई पाठवा, मागच्यासारखे मरतुकडे नकोत. म्हटलं, मी शिवणकाम करते, चाळीस घागरे पाठवू का? तर तो माणूस असा हसला, बाई, की मला मशीन थांबवावं लागलं. फिदेन्सियो नाव, वांता गावात खाणावळ आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली. शनिवारी त्याच्याकडे लग्नाची पंगत, आणि भाजायला एक कुई नाही. मला काय त्याचं? पण गल्लीभर हिंडून चाळीस जमवले, टोपल्यांत भरून गाडीत चढवले, ड्रायव्हर वाटेल ते बोलला. मग फिदेन्सियोचा फोन आला आभाराचा. दुसऱ्या दिवशी, पंगत कशी झाली ते सांगायला. तिसऱ्या दिवशी — कशालाच नाही.

हवं तितकं बोला म्हणतात ना, तर आम्ही बोललो. कधी बोलतही नाही हो. मी फोन मशीनपाशी ठेवते, तो तिकडे बटाटे सोलतो, अर्धा अर्धा तास नुसती खसखस ऐकू येते. सत्तर सोलवाल्या करारात असं गप्प बसणं परवडलं असतं? एद्गारला मी म्हटलं, बचत होते. होतेच की, खोटं काय त्यात?

काल एद्गार चिडला. "दोन तास फोन लागत नव्हता, आई. कुणाशी बोलत होतीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्याच्याशी लग्न करणार आहे त्याच्याशी." अहो, त्या बिचाऱ्यानं विचारलंही नव्हतं! मग त्याला कळवायला नको? लावला फोन, सांगितलं, असं असं बोलून बसलेय, तुमचं काय ते बघा. सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोन ठेवला.

म्हणाला, "ओतिलिया, मी तुला अजून पाहिलेलंही नाही."

म्हटलं, "मीही कुठे पाहिलंय तुम्हाला? उद्या वांताहून दुपारची गाडी आहे."

हो, म्हणजे आजचीच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, एकसष्टाव्या वर्षी, हसू नका — मी हसतेय म्हणून तुम्हीही हसायचं असं नाही. केस बरे दिसतात ना? दोरा तर नाही कुठे चिकटलेला? काय — मागे? दारात? उंच आहे? टोपी काढलीय हातात?

बाई, घागरा सोमवारी पुरा करू. नाही, सोडू नका, टाचण्यांसकटच जा, वर शाल घ्या. जा म्हणते ना.