हेस्टरबाईंची घरटी

क्लाइनबाई बंदराच्या धक्क्यावर होडीवाली रेनेट बेटाकडे निघणारी होडी सोडत होती. मागे हेस्टरबाई आणि त्यांचा मच्छीमार मुलगा फ्लोरिस बोलत होते.

"आई, गुडघे सुजलेत तुझे."

"बसत बसत बसवीन घरटी."

"पेंग्विन उरलेत मूठभर. लाकडी घरट्यांनी वाढणार आहेत?"

"उन्हानं पोळले की अंडी सोडून पाण्यात पळतात. सावली मी देते."

"आणि खायला?"

"ते तुझ्याकडे. बेटाजवळचे तारली मासे त्यांच्यासाठी सोड."

"लांब जायचं तर डिझेल किती जळतं, ठाऊक आहे?"

"मी या गुडघ्यांनी जातेय, फ्लोरिस."

रेनेटनं दोर हातातच धरून ठेवला. फ्लोरिस होडीत उतरला.

"उद्यापासून जाळं लांब टाकतो. आज घरट्यांसाठी खड्डे मी खणतो. तू नुसतं कुठे ते सांग."