इंद्रायणीची मिशी

समारंभाचे अध्यक्ष माननीय कृष्णकांतजी देवधर, मंचावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आदरणीय शैलजाकाकू, आणि चंदीगडच्या सेक्टरा-सेक्टरांतून आलेल्या माझ्या मराठी माणसांनो, सर्वांना नमस्कार. मी कश्मिरा. भाषण चार वेळा लिहून काढलंय, तरी कागद हातात ठेवते. चालेल ना?

काकू पुढच्या आठवड्यात कायमच्या सांगलीला चालल्या. बावीस वर्षं त्यांनी आपल्या मंडळाचं दिवाळी हस्तलिखित सांभाळलं. प्रत एकच. चंडीमंदिरापासून पंचकुल्यापर्यंत घरोघर फिरायची, प्रत्येक घरी दोन दिवस. बाबांच्या बदल्यांमुळे माझी पहिली-दुसरी घरीच, आईकडे झाली. पण गोष्ट तपासायची कशी, ते मी काकूंकडे शिकले.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मंडळाच्या कपाटातली भुताखेतांची सगळी कॉमिक्स वाचून झाली होती. त्यांत मुंडकं नसलेली माणसं होती, माझ्यासारखी मुलगी कुठेच नव्हती. मग हस्तलिखितासाठी मीच चार पानांचं रहस्य-कॉमिक काढलं. सुरुची ही जिवंत डिटेक्टिव्ह, इंद्रायणी ही तिची भूत जोडीदार. बदली होऊन गेलेल्या माणसांचे आवाज रिकाम्या क्वार्टरमध्ये का येतात, ते दोघी शोधतात. शेवटी इंद्रायणीला मुक्ती मिळते, तर ती सुरुचीचा हात धरून म्हणते, "मला नाही जायचं. तुझ्याजवळच राहायचंय."

काढलं आणि घाबरले. घरात भूत चालेल, पण सुरुचीचा हात धरणारं ते भूत मुलगी असेल तर चालेल का? शेवटच्या चौकटीत मी इंद्रायणीला शाईने मिशी काढली.

काकूंनी पानं दोनदा वाचली. "कश्मिरा, तिसऱ्या पानावर हिच्या नाकात चमकी आहे. इथे मिशी कुठून आली? रहस्यकथा आहे ना, पुरावा दे."

"काकू, लोक काय म्हणतील?"

"ते मागच्या पानावर लिहितील. त्यासाठीच ते कोरं ठेवते मी." त्यांनी ब्लेड पुढे केलं. "गोष्टीला हवी असेल तर ठेव. भीतीने काढली असशील तर खरवड."

मी खरवडली. कागद तिथे पातळ झाला. उजेडात धरला तर आजही दिसतं. मागच्या पानावर देवधरकाकांनी, क्षमा असावी, अध्यक्षमहोदयांनी लिहिलं, 'भूत पटले. हस्ताक्षर सुधारावे.' आईने काहीच लिहिलं नाही. प्रत मात्र आमच्या घरी पाच दिवस राहिली.

आता त्या दोघींचं छापील पुस्तक येतंय. त्यातली अक्षरं ऋजुताने काढलीत, कारण माझं हस्ताक्षर सुधारलं नाही. ती तिसऱ्या रांगेत, आईशेजारी बसली आहे. तीन गणपतींपासून तुम्ही तिला ओळखता.

काकू, तुमचे आभार कुठल्या पानावर मानू? अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. एका चुकीची माफी मात्र नाव घेऊन मागते. ऋजुता माझी जोडीदार आहे. तीन वर्षं मी तुमच्याशी तिची ओळख रूममेट म्हणून करून दिली.

ती मिशी होती, काकू. आज खरवडली.